वाइन घेऊन पस्तावायचं नसेल तर या चुका टाळा

वाइन घेऊन पस्तावलेल्या माणसाच्या हाती दर वेळी वाईट वाइनच पडलेली असते असं नाही. बऱ्याचदा वाइन चांगली असते. ती दोन वर्षं उशिरा उघडली जाते, किंवा एका बाटलीच्या जागी बारा घरात येतात, किंवा वाटेत कुठेतरी ती उन्हात भाजून निघालेली असते. म्हणून चवीची जाणकारी यायच्या आधी तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. ही प्यायची कधी आहे? किती हवी आहे? आणि आजवर ती कुठे पडून होती?

एका घोटावर अख्खी पेटी

चाखायला मिळते ती तीस ते पन्नास मिली. एवढ्याशा घोटात बाजी मारते ती ठसठशीत वाइन: १५ टक्के अल्कोहोल, ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास, जिभेवर रेंगाळणारा थोडा गोडवा. तीच ग्लास भरून घेतली की दुसऱ्या ग्लासाला जड वाटू लागते. वायनरीवर तर सगळंच तिच्या बाजूने असतं. तापमान नेमकं, बाटली ताजी उघडलेली, आणि बनवणारा स्वतः समोर उभा. भिडेपोटी होणारी खरेदी काही कमी नसते. बारा बाटल्यांची पेटी म्हणजे नऊ लिटर, हे गाडीत टाकताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी एकच बाटली न्यावी. तिच्यातून दीडशे मिलीचे पाच ग्लास निघतात. पहिला उघडल्याबरोबर, दुसरा तासाभराने घ्या. उरलेली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. रेड असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा. दुसऱ्या दिवशीही फळाचा वास टिकून असेल आणि ग्लास आपसूक रिकामा झाला, तर आणखी घ्यायला हरकत नाही. तरीही सहावर थांबलेलं बरं. जाड, गोडसर रेडपासून सुरुवात करणारे पुष्कळ लोक काही वर्षांत हलक्या, आंबटसर वाइनकडे वळतात आणि जुन्या आवडीची पेटी कोपऱ्यात धूळ खात पडते.

‘ठेवली की मुरते’ हा समज

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो. बाजारातली बहुतेक वाइन एक ते तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. मुरायला आंबटपणा, तुरटपणा किंवा भरपूर साखर लागते, आणि सोबत फळाचा दाट अर्क. हे नसेल तर बाटली नुसती म्हातारी होते: फळ जातं, रंग उतरतो, आंबटपणा तेवढा मागे उरतो.

रोझे, मोस्कातो दास्ती, विन्यो व्हेर्दे, साधी सोव्हिन्यॉ ब्लाँ या ताज्या प्यायच्या वाइन मिळेल त्या सर्वांत नव्या सालाच्या (लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष) घ्याव्यात. फ्रान्सची बोजोले नूव्हो ही कोवळी रेड दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते. ती काही महिन्यांतच संपवायची. स्पेनच्या फिनो शेरीच्या बाटलीवर साल नसतं, म्हणून बाटलीत भरल्याची तारीख शोधावी, वर्षाच्या आत उघडावी आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावी. साल नसलेली शँपेनही दुकानात येते तेव्हा तयारच असते. मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख असेल तर ती वाचा; तीन-चार वर्षं उलटली असतील तर ती इतके दिवस कुठे होती हे विचारून मगच घ्या.

साल वाचतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दक्षिण गोलार्धात द्राक्षांची तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, उत्तरेत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे लेबलवर एकच साल असलं तरी दक्षिणेकडची वाइन सुमारे सहा महिन्यांनी मोठी असते. ताजेपणासाठी घ्यायच्या व्हाइटमध्ये हा फरक जाणवतो.

महागड्या व्हाइटचा अनुभव तर फारच कडू आहे. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या ज्या व्हाइट वाइन दहा-पंधरा वर्षं सहज टिकत, त्या १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या सालांमध्ये अवेळी तपकिरी पडू लागल्या. कुणी बुचाला दोष देतं, कुणी कमी वापरलेल्या सल्फर डायऑक्साइडला, कुणी द्राक्षं दाबण्याच्या बदललेल्या पद्धतीला. त्रास असा की एकाच पेटीतली एक बाटली झकास निघते आणि शेजारची मेलेली. अशा वाइनचा साठा असेल तर पाचव्या वर्षाच्या आसपास पहिली बाटली उघडून अंदाज घ्या. रंग गडद सोनेरी झाला असेल आणि कापलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास येत असेल, तर बाकीच्याही लवकर संपवा.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. इटलीची बारोलो ही रेड कायद्याने ३८ महिने मुरवूनच विक्रीला येते, त्यातले १८ महिने लाकडात. पण विक्रीला आली म्हणजे ती तयार झाली असं नाही. चांगल्या हातची बारोलो पाचव्या वर्षी उघडली तर हिरड्या आवळून येतात. पोर्तुगालच्या गोड व्हिंटेज पोर्टला पंधरा-वीस वर्षं हवीत. एवढा धीर नसेल तर चार ते सहा वर्षं पिंपात ठेवून मग बाटलीत भरलेली लेट बॉटल्ड व्हिंटेज घ्यावी. तीही पोर्टच आहे आणि आज पिता येते.

साठवण नसेल तर मुरवायच्या वाइनच्या फंदात पडूच नये. तिला १२-१३ अंश सेल्सिअस, ६० ते ७० टक्के आर्द्रता आणि अंधार लागतो. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते. स्वयंपाकघरातलं कपाट आणि फ्रिजचा माथा ही दोन्ही ठिकाणं यात बसत नाहीत. साध्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालतं, पण वर्षानुवर्षं ठेवली तर कोरड्या हवेने बूच आक्रसतं.

लेबलवरचे मोठे शब्द

‘रिझर्व्ह’ या शब्दाला अनेक देशांत कायद्याचा काहीच आधार नाही. कुणीही छापू शकतो. स्पेनमध्ये मात्र आहे. तिथली रिओखा रेड ‘रेसेर्व्हा’ म्हणवून घ्यायला किमान तीन वर्षं मुरवावी लागते, पैकी एक वर्ष ओकमध्ये. ‘ग्रान रेसेर्व्हा’ला पाच वर्षं, त्यातली दोन ओकमध्ये. म्हणजे शब्द तोच, पण देश बघितल्याशिवाय त्याला वजन नाही.

फेसाळ वाइनमध्ये ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून सर्वांत कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, समजून घेणारे हमखास फसतात. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम, आणि ‘सेक’ म्हणजे कोरडी असं छापलेल्या बाटलीत १७ ते ३२. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! कोरडी हवी असेल तर ब्रूट किंवा एक्स्ट्रा ब्रूट मागा. जर्मन रीसलिंग ही व्हाइट घेताना अल्कोहोलचा आकडा पाहा: आठ-नऊ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे असं समजा. ‘ट्रोकन’ लिहिलेलं असेल तर ड्राय.

बर्गंडीत गावाचं किंवा मळ्याचं नाव वाचून थांबू नये. क्लो द व्हूजो हा एकच ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा, मळा सुमारे ५० हेक्टरचा आहे आणि तो ऐंशीच्या आसपास मालकांत वाटलेला आहे. उतारावरची वरची जमीन आणि खालची ओलसर जमीन, कसबी हात आणि आळशी हात, सगळ्यांच्या लेबलवर नाव तेच. उत्पादक माहीत नसेल तर ग्राँ क्रूचे पैसे मोजण्यापेक्षा नावाजलेल्या उत्पादकाची साधी गावपातळीवरची वाइन घ्यावी.

फळीवर लावलेल्या समीक्षकांच्या गुणांच्या चिठ्ठीवर साल असतं. ते बाटलीवरच्या सालाशी जुळवून पाहा. मागच्या सालाचे ९४ गुण या सालाच्या बाटलीखाली लटकलेले असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. ९२-९५ असा पल्ला दिला असेल, तर ते गुण बहुधा पिंपातल्या, अजून तयार न झालेल्या वाइनला दिलेले असतात.

बाटली हातात घेऊन न बघणं

सवलतीच्या ढिगातली बाटली उजेडात धरा. दहा वर्षांच्या आतल्या वाइनची पातळी मानेत असायला हवी. फ्रान्समधल्या बोर्दोच्या वीस वर्षांपुढच्या वाइनमध्ये खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरलेली चालते. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर सोडून द्या. मग बोटाने झाकणाचा वरचा भाग चाचपा. बूच काठाच्या वर आलेलं लागलं, तर वाइन तापून फुगली किंवा गोठली होती. मानेवरून ओघळलेला चिकट डागही गळतीच सांगतो. काही बाटल्यांचं बुचावरचं धातूचं झाकण गोल फिरतं. फिरत नसेल आणि खाली चिकटपणा जाणवत असेल तर संशय घ्यावा. मात्र न फिरणारी प्रत्येक बाटली खराब नसते, नुसतं घट्ट बसलेलंही असतं.

काचेच्या खिडकीत मांडलेली किंवा दिव्याखालची बाटली नको, रंगहीन काचेची तर मुळीच नको. उजेडाने वाइनमधल्या रायबोफ्लेव्हिन या जीवनसत्त्वामुळे गंधकाची संयुगं तयार होतात आणि ओल्या लोकरीसारखा, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. क्रिस्टाल ही शँपेन पारदर्शक बाटलीत येते, म्हणून तिला नारिंगी कागदात गुंडाळलेलं असतं. तो कागद शोभेचा समजून काढून टाकू नये.

कडक उन्हाळ्यात वाइन मागवू नका. दुकानातून घेतलीत तर शेवटचं काम म्हणून घ्या आणि थेट घर गाठा. बंद गाडीत पारा पन्नाशी ओलांडतो, आणि डिकीत काढलेली एक दुपार दहा वर्षांची साठवण फुकट घालवते.

हातात नसलेल्या वाइनचे पैसे

बोर्दोत तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपात असतानाच ती विकली जाते आणि बाटली साधारण दोन वर्षांनी मिळते. बाजारात तुरी म्हणतात तो प्रकार. २००९ आणि २०१० ही दोन्ही सालं उत्तम होती, म्हणून भाव आकाशाला भिडले. २०११च्या मध्यापासून बाजार उतरला आणि २०१०च्या कितीतरी वाइन पुढे आगाऊ भरलेल्या रकमेपेक्षा स्वस्तात मिळू लागल्या. म्हणजे आगाऊ घेणाऱ्यांचे पैसे अडकले आणि वर तोटाही झाला. मॅग्नमसारखा (दीड लिटरची बाटली) खास आकार हवा असेल, किंवा नंतर मिळणारच नाही अशी छोट्या उत्पादकाची वाइन असेल, तरच आगाऊ पैसे भरण्यात अर्थ आहे.

दुसरा धोका विक्रेत्याचा. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधलं एक नावाजलेलं दुकान जानेवारी २०१६मध्ये दिवाळखोरीत गेलं. गिऱ्हाइकांना आगाऊ विकलेली कितीतरी वाइन त्याने मुळात घेतलेलीच नव्हती. बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत आणि सतत पुढे ढकलली जाणारी तारीख, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की पैसे परत मागा.

जुन्या, दुर्मीळ बाटल्यांच्या लिलावात तर कागदपत्रांशिवाय उतरूच नये. एप्रिल २००८मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतल्या दोमेन पॉन्सो या उत्पादक घराण्याच्या क्लो सँ-दनी वाइनच्या १९४५पासूनच्या बाटल्या आल्या होत्या. त्या घराण्याने ही वाइन १९८०च्या दशकात बनवायला सुरुवात केलेली! मालकांनी हरकत घेतल्यावर बाटल्या मागे घेतल्या गेल्या आणि त्या आणणाऱ्या रूडी कुर्नियावानला पुढे २०१४मध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. उत्पादकाने ती वाइन त्या साली बनवली होती का, एवढी साधी चौकशीही पुष्कळ फसवणूक टाळते.

उघडली आणि बिघडलेली निघाली

ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी आलेल्या तळघराचा वास येत असेल आणि फळ गायब असेल, तर बूच बाधलेलं आहे. कारण टीसीए हे संयुग. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. हवा लागून हा वास जात नाही, उलट वाढतो. काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा वास मात्र बऱ्याचदा जातो: ग्लास दहा-पंधरा मिनिटं फिरवत राहा. नेलपॉलिशचा, व्हिनेगरचा वास तीव्र असेल तर उपाय नाही. बुचाच्या टोकाला किंवा तळाशी चमकणारे खडे हे टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. जुन्या रेडमधला गाळही दोष नाही, बाटली एक दिवस उभी ठेवून सावकाश ओता.

बाधलेली बाटली बदलून घ्यायची असेल तर एक ग्लास काढून थांबा, बूच परत लावा आणि पावतीसकट लगेच न्या. तीन-चतुर्थांश संपवून नेलेल्या बाटलीची तक्रार कुणी ऐकून घेत नाही. कुठल्याही सालाच्या बाटल्या जास्त घेतल्या असतील, तर पहिली घरी आल्यावर पंधरा दिवसांत उघडा. पेटीच तापलेली असली तर ती तक्रार करायच्या मुदतीत कळते, सात वर्षांनी कळून उपयोग नसतो.