फँटसी जगात वंश किती ठेवावेत? या चुका टाळा

टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी मी रचलेल्या पहिल्या जगात तब्बल १४ वंश (एल्फ, ड्वॉर्फ अशा जमाती) होते. सेशन झीरोला, म्हणजे खेळाआधीच्या तयारीच्या बैठकीत, हाफलिंग (बुटक्या लोकांचा वंश) घेतलेल्या मैत्रिणीने विचारलं, "माझं गाव कुठंय?" मी नकाशावर बोट फिरवत बसलो. गाव नव्हतंच. यादी रूलबुकातून उचललेली, जग मात्र फक्त माणसांचं.

पुस्तकात आहे म्हणून घेतलं, ही सगळ्यात मोठी चूक. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या १९७४ च्या पेटीत माणूस, ड्वॉर्फ, एल्फ आणि हॉबिट इतकेच होते. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात (खेळाडूंच्या रूलबुकात) ९ झाले, २०२४ मध्ये १०. मेनूकार्डावर आहे ते सगळं मागवायचं नसतं! टेबलावर चार-पाच जण असतील तर माझ्या मते पाच ते सात पुष्कळ झाले.

कोणते ठेवायचे? हे कॅरेक्टर पहिल्या गावाच्या वेशीवर आलं तर पहारेकरी काय करेल, हे प्रत्येक वंशासाठी लिहून काढा. तिघांचं उत्तर सारखंच आलं, तर तो एकच वंश आहे, कान तेवढे वेगळे.

"डंजनमध्ये (अंधाऱ्या भुयारात) भीतीच वाटत नाही," ही तक्रारही बहुतेकदा यादीतूनच येते. २०१४ च्या ९ पैकी ६ वंशांना डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात बघायची शक्ती, आहे. माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न तेवढे वगळले. मग मशाल कोण विकत घेणार? वंश कमी करायचे नसतील तर निदान नियम तरी पाळा: डार्कव्हिजनवाल्यालाही पूर्ण अंधार अंधुक उजेडासारखाच दिसतो, म्हणजे नजरेच्या पर्सेप्शन चेकला (काही दिसलं का, हे ठरवणाऱ्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज, यशाची शक्यता कमी. हे बरेच डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारे) विसरतात. (मीही विसरायचो.)

वंश काढला तर त्याची जागा रिकामी दिसू द्या. १९९१ च्या 'डार्क सन' या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याच जगात नोम (आणखी एक बुटका वंश) नाहीत, कारण त्यांचा संहार झालाय. हाफलिंग आहेत, पण नरभक्षक.

आणि प्लेअर काढलेल्याच वंशासाठी अडून बसला, तर थेट नकार देऊ नका. त्याला पंख हवेत की परकेपणा, ते विचारा. परकेपणा हवा असेल तर समुद्रापलीकडून वाहत आलेला एकटाच जीव चालतो, त्याची अख्खी जमात वसवावी लागत नाही.

माझ्याकडे आता सहा वंश आहेत. हाफलिंगांचं गाव नदीच्या वळणावर आहे. तिथला पूल ओलांडायला माणसांना जकात भरावी लागते, आणि ती ठरवते तीच मैत्रीण.