ट्रकचं इंजिन घरी खोलायचं का? आधी एवढं तपासा

‘खोलल्यावर बघू’ म्हणून कुणी इंजिन खोलू नये, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय. एकदा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरलं की गाडी जागची हलत नाही. मग वस्तादाकडे, म्हणजे गॅरेजच्या जाणत्या मिस्त्रीकडे, ती ओढूनच न्यावी लागते, आणि दुसऱ्यानं खोललेलं इंजिन बांधायला वस्ताद खुशीनं तयार होत नाही. घरी करायचं की गॅरेजला द्यायचं, ते गाडी स्वतःच्या चाकांवर चालतेय तोवर ठरवा.

माझी गाडी टाटा २५१८, दहा टायरी. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, पंप यांत्रिक. हंगामात कारखान्याला ऊस, एरवी मिळेल तो माल. पुढचं सगळं अशा जुन्या इंजिनांबद्दल आहे. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर मोठं काम घरी काढूच नका. त्यात कॉमन रेल (संगणकावर चालणारी डिझेलची यंत्रणा), सेन्सर, यूरियाची यंत्रणा, आणि लॅपटॉप लावल्याशिवाय दोष कळत नाही.

दोष नेमका कुठं आहे ते शोधायला वेळ द्या. निम्मे निर्णय इथंच होतात. काळा धूर येतोय म्हणून इंजिन गेलं असं नसतं. एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज आणि नोजल आधी बघा. निळा धूर असेल तर टर्बोचा होज काढून शाफ्ट हातानं हलवा. शाफ्ट ढिला असेल आणि तोंडाशी ऑइल जमलं असेल, तर दोष टर्बोचाही असू शकतो, रिंगांवर लगेच जाऊ नका. पण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भसाभसा वाफ येत असेल आणि नोजलच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन कमी भरलं, तर काम पिस्टन-रिंगपर्यंत गेलंय असं समजा.

पाणी कमी होत असेल तर इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि गाडी चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, तोंड भाजतं. बुडबुडे नाहीत, पण पाण्यावर ऑइलचा थर दिसतोय? मग ऑइल कूलर तपासा. तो ब्लॉकच्या बाजूला बसतो आणि हेड न काढता निघतो. त्याच्यापायी अख्खं इंजिन खोलून ठेवलेलं मी पाहिलंय, म्हणून एवढं सांगतोय.

ऑइल प्रेशर डॅशबोर्डच्या काट्यावर ठरवू नका. इंजिन चांगलं गरम करून साधा यांत्रिक गेज लावा. या इंजिनाला आयडलवर किमान ०.७ बार आणि पूर्ण आरपीएमला २ बारच्या आसपास हवं. त्याखाली येत असेल तर ऑइल स्वच्छ भांड्यात सोडा, जुना फिल्टर कापून घड्या उलगडा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा चुरा. न चिकटणारी चमकी दिसली तर बेअरिंग झिजलंय.

आता माझा नियम. वरचं काम घरी, खालचं म्हणजे क्रँकचं काम वस्तादाकडे. हेड गॅस्केट, ऑइल कूलर, टर्बो, व्हॉल्व्हचा गॅप ही कामं सवय असलेला माणूस शेडमध्ये नीट करू शकतो. गॅप गार इंजिनावर, इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर. हेडचे बोल्ट २६. त्यांची लांबी तपासल्याशिवाय परत वापरू नका, आणि टॉर्क पाना (बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणारा) नसेल तर हेडला हातच लावू नका. आमच्याकडे मी पाना ओढतो, बायको मॅन्युअलमधला क्रम वाचते आणि झालेल्या बोल्टवर खडूनं खूण करते. टप्प्याटप्प्यानं द्यायचा टॉर्क एकट्यानं लक्षात ठेवायचा नसतो. हेड मात्र मशिनशॉपला नेऊन सपाटी आणि तडा तपासून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

पिस्टनचं काम मधलं आहे, आणि लोकांचा हिशेब इथं चुकतो. या कमिन्सला मुळात लाइनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) नसतो, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये वर-खाली होतो. १०२ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मर्यादेत असेल तर रिंग आणि बेअरिंग गाडीवरच बदलता येतात, त्यालाच आपण हाफ इंजिन म्हणतो. बोअर झिजला असेल तर ०.५० किंवा १ मिलिमीटर मोठा पिस्टन टाकायचा, म्हणजे बोअरिंग (सिलिंडर आतून कातणं) आलं, म्हणजे इंजिन चेसिसवरून खाली घ्यायचं. चारशे किलोच्या वरचं ते धूड उचलायला दोन टनी चेनपुली आणि तिला पेलणारा लोखंडी घोडा लागतो. शेडच्या वाशाला पुली अडकवू नका, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. बोअर गेज वापरता येणारा माणूस हाताशी नसेल तर हे काम घेऊ नका. आतून गुळगुळीत दिसणारा सिलिंडरही झिजलेला असतो.

खालून ठोका येत असेल तर गाडी बंद करा आणि उचलून न्या. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग फिरलं की क्रँक जातो, पुढं ब्लॉकही. क्रँक ग्राइंडिंग आणि फ्युएल पंपाचं कॅलिब्रेशन मशिनवरच होतं. ते घरी करायचा विचार डोक्यातही आणू नका.

वेळेचा हिशेब पैशाच्या आधी मांडा. वस्तादाला लागतात त्याच्या दुप्पट दिवस घरी धरा, त्यात पार्ट बदलून आणायच्या खेपा वेगळ्या. तेवढे दिवस गाडी उभी, हप्ता मात्र चालूच. म्हणून मोठं काम मी पावसाळ्यात काढतो, ऊस बंद असतो तेव्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत सुरू झाल्यावर गॅस्केट गेलं, तर येत असूनही गॅरेजलाच देतो. टोळीला उचल दिलेली असते, फडात तोडलेला ऊस वाळत असतो.

गॅरेजला दिलं तरी हेड उतरताना आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलताना तिथं उभे राहा. काढलेली बेअरिंग मागून घ्या, कुठल्या नंबरचं कुठलं ते त्यावर लिहून ठेवा. बोअरिंग आणि ग्राइंडिंगची मापं पावतीवर लिहून घ्या. पुढच्या वेळी गेज लावाल तेव्हा ताडून बघायला तीच मापं लागतील.