गणपतीला घरी येता येईल का, हे पगाराआधी विचारा

आमच्या गुहागर-चिपळूण पट्ट्यात घरटी कोणी ना कोणी मस्कत, कुवेत नाहीतर दुबईला असतंच, पण आता बीएड झालेल्या मुली इंग्रजी शिकवायला म्हणून बाहेर जायला लागल्यात आणि त्यातल्या बऱ्याच जणी मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, ताई पगार किती मिळेल? मी मस्कतला सहा वर्षं शिकवून परत आले, दोन शाळा बघितल्या, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी आकड्याचं सांगते. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका रियालचे साधारण 2.6 डॉलर, त्यामुळे महिना 300 रियाल पगार ऐकून इथे पडवीत बसून गुणाकार केला की डोळेच दिपतात. माझे पण दिपले होते. पहिल्या वर्षाची हिशोबाची वही मी अजून जपून ठेवलीय, त्यात पहिल्या महिन्याचं पान असं आहे: शेअरिंगची रूम 90, शाळेची बस 20, जेवणखाण 60, फोन-नेट 12, औषधं आणि बारीकसारीक 8. उरले 110, त्यातले 100 घरी पाठवले. आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय, "सुरमई?" मत्राहचा मासळीबाजार समुद्राला लागूनच आहे, ताजी फडफडीत सुरमई समोर दिसायची, आणि जन्म खाडीकाठी गेलेली मी तो अख्खा महिना डाळ-भात आणि अंड्यावर काढला.

तर पहिलं काम हे करा, रुपयात गुणाकार करूच नका. तिथल्याच पैशात तिथलाच महिना मांडा आणि शेवटी काय उरतं ते एकदाच रुपयात बघा.

मग तास मोजा. कॉन्ट्रॅक्टमधे लिहिलेल्या पिरियडवर जाऊ नका, घरातून निघाल्यापासून वह्या मिटेपर्यंतचे तास धरा. मी पावणेसहाला बससाठी खाली उभी असायचे, साडेतीनला परत यायचे, वाटेत अजून चार ठिकाणी बस फिरायची, आणि मग चार तुकड्यांच्या वह्या, म्हणजे आठवड्याला 55 तास सहज व्हायचे. महिन्याचे 220 धरले तर तासाला उरत होता अर्धा रियाल. हाच हिशोब तुमच्या इथल्या नोकरीचा पण मांडा, दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि मग ठरवा.

तिसऱ्या वर्षी मी शाळा बदलली, पगार 260, म्हणजे 40 कमी. घरी सगळे म्हणाले हिला वेड लागलंय. पण ती शाळा रूम देत होती, चालत दहा मिनिटांवर, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा पण पगार मिळायचा, आधीच्या शाळेत तो नव्हता. रूम आणि बस दोन्ही खर्च गेले, महिन्याला 180 उरायला लागले, आणि संध्याकाळी कुरूमच्या किनाऱ्यावर फिरायला वेळ मिळायला लागला. तिथे पहिल्यांदा वाटलं की आपण इथे राहतोय. म्हणून ऑफर आली की आकड्याच्या आधी हे विचारा: घर कोण देतंय, शाळेपासून किती लांब, पगार दहा महिन्यांचा की बारा, येण्याजाण्याचं तिकीट वर्षाला की दोन वर्षांनी, मेडिकल इन्शुरन्स आहे का. दुबईकडे जात असाल तर बेसिक किती आणि अलाउन्स किती हे वेगळं लिहून मागा, कारण युएईत ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकवर (मूळ पगारावर) मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक, तेव्हा बेसिक बारीक ठेवून अलाउन्स फुगवला असेल तर जाताना हातात कमी पडतं.

आता सुट्टीचं, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आखातातल्या आपल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, मोठी सुट्टी उन्हाळ्यात. गणपती 2026 ला 14 सप्टेंबरला आहेत, 2027 ला 4 सप्टेंबरला, म्हणजे तेव्हा शाळा चालू असणार. सहा वर्षांत मी एकदाच गणपतीला घरी आले, बाकी वेळेला आरती फोनवर ऐकली आणि नेटवर्क गेलं की तिथेच रडले. आईच्या ऑपरेशनला रजा दिली पण पगार कापला, आणि ऐनवेळचं तिकीट काढलं ते वेगळंच. इमर्जन्सी रजा किती दिवस, पगारी की बिनपगारी, हे सही करायच्या आधी लेखी घ्या, तोंडी "बघू मॅडम" चालणार नाही. साप्ताहिक सुट्टी पण विचारा, ओमानला शुक्रवार-शनिवार असते, म्हणजे रविवारी इकडे सगळे एकत्र जेवायला बसतात तेव्हा तुम्ही वर्गात. युएईत 2022 पासून शनिवार-रविवार झालीय.

व्हिएतनाम, थायलंडचे व्हिडिओ बघून हिशोब करत असाल तर ते बहुतेक गोऱ्या पासपोर्टवाल्यांचे असतात हे लक्षात ठेवा. बऱ्याच जाहिरातीत नेटिव्ह स्पीकर म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, बस. तुम्ही त्यांच्याइतकंच चांगलं शिकवत असलात तरी भारतीय पासपोर्टला पगार कमी सांगतात, मला हे अन्यायाचं वाटतं आणि वाटत राहील, पण हिशोब खऱ्या आकड्यावरच करायचा. शिवाय तिकडच्या लँग्वेज सेंटरचं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं, त्यात मित्रमैत्रिणी जमवणं अवघड जातं. दक्षिण कोरियाशी आपला 2010 पासून व्यापारी करार आहे, त्यामुळे इंग्रजी विषयाच्या शिक्षकाचं सर्टिफिकेट असेल तर तिथल्या सरकारी शाळांचा रस्ता उघडा आहे, आणि तिथे घर पण देतात.

कागदांचं थोडक्यात. ओमानला डिग्रीवर अपॉस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, चालतं, युएईला मात्र त्यांच्या वकिलातीचं अटेस्टेशन लागतं, त्याला वेळ जातो, दोन महिने आधी सुरुवात करा. एजंट भारत सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का ते स्वतः बघा, त्याच्या फीची सरकारी मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे, त्यावर मागितले तर सरळ उठून या. टुरिस्ट व्हिसावर जा, मग बदलू असं कोणी सांगितलं तरीही.

आणि सही करायच्या आधी त्याच शाळेत आत्ता शिकवणाऱ्या एकीशी बोला. तिथल्या रात्री आठला व्हिडिओ कॉल करा, मागे टेबलावर वह्यांचा गठ्ठा दिसतो का बघा, शेवटची बाहेर फिरायला कधी गेली होतीस ते विचारा. मी ज्या मॅडमशी बोलले होते त्या बोलता बोलता लाल पेनाने टिका मारतच होत्या, मला ते दिसत होतं आणि तरी मी 300 च्या नादात दुसऱ्या दिवशी सही करून पाठवली.