जुना फोन घरच्या वायफायला जोडताना

सेटिंग्जमध्ये वायफाय चालू करा आणि यादीत आपल्या राउटरचं नाव येतंय का ते आधी बघा. नावच येत नसेल तर पासवर्डच्या मागे लागू नका. बरेच जुने, स्वस्त फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झ हा वायफायचा बँड (लहरींचा पट्टा) पकडतात. राउटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला असेल तर त्यांना तो दिसणारच नाही. राउटरच्या तळाला चिकटवलेल्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा, २.४ चालू करा. चॅनल (त्या पट्ट्यातला छोटा भाग) १२ किंवा १३ असेल तर १, ६ किंवा ११ ठेवा. अमेरिकेतून आणलेली उपकरणं वरचे चॅनल सहसा बघतच नाहीत.

नाव दिसतंय, पण जोडलं जात नाही? पासवर्ड टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं नीट वाचा. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, तिथेच घोळ होतो. तरीही नाही जमलं तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) आहे का पाहा. जुन्या फोनला ती झेपत नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा. सुरक्षा पूर्ण काढून मात्र टाकू नका.

आयपी पत्ता (राउटर फोनला देतो तो क्रमांक) मिळवण्यावरच गाडी अडली, तर फोनमधून ते नेटवर्क ‘विसरा’, राउटर अर्धा मिनिट बंद ठेवा, पुन्हा जोडा.

वायफाय जोडलंय आणि तरी साइट उघडत नाहीत? तारीख बघा. कपाटात पडून बॅटरी पार उतरलेला फोन कधीकधी १९७० दाखवतो. तारीख चुकली की साइटची ओळख पटवणारी सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात.