जर्मनमध्ये मासिकांबद्दल बोलायचं कसं

छंदांचा विषय निघाला की 'इश लेज़ं गेर्न' (मला वाचायला आवडतं) हे वाक्य सगळ्यांना येतं. अडतं ते पुढच्या प्रश्नांवर: काय वाचता, किती वेळा वाचता, त्यात काय असतं, कसं वाटलं? शब्दांची यादी पाठ करून हे प्रश्न सुटत नाहीत. दहा-बारा पक्की वाक्यरूपं तोंडात बसावी लागतात आणि त्यातली काही मराठी भाषकाला चक्क सोपी जातात.

आधी उच्चारांबद्दल थोडं. खाली 'ज़' जिथे आहे तिथे 'जहाज' किंवा 'जरा'मधल्या 'ज'च्या जवळचा, पण त्याहून मऊ आवाज काढायचा. शब्दाच्या शेवटी 'लेज़ं' असं दिसलं तर ते 'केलं', 'गेलं'सारखं म्हणायचं, नाकात नाही. 'यू' दिसेल तिथे ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल ठेवून 'ई' म्हणायचं. 'यो' असेल तिथे ओठ 'ओ'साठी गोल ठेवून 'ए' म्हणायचं. 'इश'मधला 'श' हा 'ह' आणि 'श' यांच्या मधला आहे. 'हिशोब'मधला ठसठशीत 'श' काढलात तरी समजतं, पण कानाला खटकतं.

आता मूळ शब्द. जर्मन नामाआधी लिंग दाखवणारा छोटा शब्द, म्हणजे आर्टिकल, येतो: एकवचनात, मूळ रूपात पुल्लिंगी 'डेअर', स्त्रीलिंगी 'डी', नपुंसकलिंगी 'डास'. मासिक, साप्ताहिक, पाक्षिक या सगळ्यांना मिळून 'डी त्साइटश्रिफ्ट' म्हणतात, अनेकवचन 'त्साइटश्रिफ्टन'. 'त्साइट' म्हणजे काळ आणि 'श्रिफ्ट' म्हणजे लेखन, म्हणजे आपल्या 'नियतकालिक' या शब्दाचा जवळचा नातेवाईकच. वर्तमानपत्र म्हणजे 'डी त्साइटुंग'. हे दोन शब्द सारखे वाटतात म्हणून नवशिके त्यांची अदलाबदल करतात. फरक अंकाच्या रूपातही आहे: 'डी त्साइट' आठवड्यातून एकदा निघतं, पण मोठ्या घडीच्या पानांवर छापलं जातं, म्हणून ते 'वॉखनत्साइटुंग', साप्ताहिक वर्तमानपत्र. 'डेअर श्पीगल'ही साप्ताहिकच, पण बांधणी मासिकासारखी, म्हणून ते 'नाखरिश्टनमागात्सीन', वृत्तसाप्ताहिक. 'डास मागात्सीन' हा शब्द चालतो, मात्र त्याचा अर्थ टीव्हीवरचा माहितीपर कार्यक्रम किंवा कोठारही होतो. त्यामुळे सर्वसाधारण बोलण्यात 'त्साइटश्रिफ्ट'च बरा.

इथे लिंगाची चूक नेमकी मराठीमुळे होते. मराठीत मासिक 'ते', म्हणून विद्यार्थी नकळत 'एस' म्हणतात. जर्मनमध्ये 'त्साइटश्रिफ्ट' स्त्रीलिंगी आहे, तेव्हा पुढच्या वाक्यात 'ज़ी' यायला हवं: 'ज़ी एरशाइन्ट मोनाटलिश', म्हणजे ते दरमहा निघतं. 'डेअर आर्टीकल' (लेख) पुल्लिंगी, म्हणून 'एर'. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं, हा नियम एकदा पक्का झाला की निम्मं ओझं उतरतं. 'श्रिफ्ट' स्त्रीलिंगी, म्हणून 'श्पोर्टत्साइटश्रिफ्ट', 'फ्राउअनत्साइटश्रिफ्ट', 'फाखत्साइटश्रिफ्ट' (एखाद्या व्यवसायाचं किंवा शास्त्राचं नियतकालिक) सगळी स्त्रीलिंगी. 'हेफ्ट' नपुंसकलिंगी, म्हणून 'ज़ोन्डरहेफ्ट' (विशेषांक) 'डास'. अंक म्हणायचा तर 'डी आउसगाबं'. या शब्दाचा दुसरा अर्थ खर्च, त्यामुळे कुणी अनेकवचनात 'आउसगाबन' म्हणालं तर विषय अंकांचा की पैशांचा, हे संदर्भावरून ओळखावं लागतं.

'लेज़न' या क्रियापदात आतला स्वर बदलतो: इश लेज़ं (मी), डू लीस्ट (तू), एर लीस्ट (तो), वीर लेज़न (आम्ही), ईर लेस्ट (तुम्ही), ज़ी लेज़न (इथे 'ज़ी' म्हणजे ते सगळे). 'तू' आणि 'तो' यांचं रूप एकच, कारण मूळ धातू 'स'वर संपतो आणि प्रत्ययातला 'स' त्यात मिसळून जातो. 'लीस्ट'मधला 'ई' लांब ठेवा, तो आखडला तर 'लिस्टं' (यादी) या शब्दाकडे झुकतो. बोलणारा पुरुष असो की स्त्री, रूप बदलत नाही. 'वाचतो-वाचते'ची सवय इथे सोडायची.

आवड सांगताना 'गेर्न' क्रियापदानंतर: 'इश लेज़ं गेर्न त्साइटश्रिफ्टन'. तुलना केली की 'लीबर', सगळ्यांत जास्त आवडतं म्हणायचं तर 'आम लीब्स्टन'. 'मला वाचायला आवडतं'चं शब्दशः रूप म्हणून 'मीर गेफेल्ट लेज़न' म्हणू नका. मात्र एखादी वस्तू आवडली तर मराठीचीच रचना हुबेहूब चालते: 'मीर गेफेल्ट डेअर आर्टीकल', मला लेख आवडतो. 'मीर' म्हणजे मला, कर्ता लेख, आणि क्रियापद लेखाप्रमाणे. चित्रं अनेक असतील तर 'मीर गेफालन डी बिल्डर', जसं आपण 'आवडतात' म्हणतो. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्यांना इथे घाम फुटतो, मराठी माणसाला नाही.

किती वेळा, हे सांगायला 'आइनमाल इम मोनाट' (महिन्यातून एकदा), 'त्स्वाइमाल प्रो वॉखं' (आठवड्यातून दोनदा), 'ज़ेल्टन' (क्वचित), 'आप उन्ट त्सू' (अधूनमधून). मासिक किती वेळा निघतं यासाठी टेग्लिश, व्योशन्टलिश, मोनाटलिश आणि फिर्टलयेर्लिश, म्हणजे रोज, दर आठवड्याला, दरमहा, दर तीन महिन्यांनी. पाक्षिकाला 'फिरत्सेनटेग्लिश': जर्मन माणूस पंधरवडा चौदा दिवसांचा मोजतो. अशा जोडशब्दांत '-लिश' आणि '-इश' या शेवटांकडे लक्ष हवं. 'ड्राइमोनाटलिश' म्हणजे दर तीन महिन्यांनी, 'ड्राइमोनाटिश' म्हणजे तीन महिने चालणारं. कालावधी वाक्याच्या सुरुवातीला आणलात तर क्रियापद दुसऱ्याच जागी राहतं आणि कर्ता त्याच्या मागे जातो: 'आम वॉखनएन्डं लेज़ं इश…' (शनिवार-रविवारी मी वाचतो…), कधीही 'आम वॉखनएन्डं इश लेज़ं' नाही. ही चूक वर्षभर शिकलेल्यांच्याही तोंडी येते, म्हणून हे एक वाक्य रोज वेगळ्या सुरुवातीने दहा वेळा म्हणून पाहावं.

आता खरा गाभा: आत काय आहे ते सांगणं. आपण म्हणतो 'मासिकात लिहिलंय की…' आणि म्हणून 'इस्ट गेश्रीबन' तोंडात येतं. जर्मन माणूस म्हणतो, ते तिथे 'उभं' आहे: 'इन डेअर त्साइटश्रिफ्ट श्टेट, डास…'. पानाचा क्रमांक सांगताना 'आउफ ज़ाइटं त्स्व्योल्फ' (बाराव्या पानावर), 'ज़ाइटं'आधी आर्टिकल लावायचं नाही. नियतकालिकाचं नाव घेताना नावातलं आर्टिकल विभक्तीप्रमाणे बदलतं: 'डेअर श्पीगल'मध्ये म्हणायचं तर 'इम श्पीगल', 'डेअर श्टेर्न'मध्ये 'इम श्टेर्न', 'डी त्साइट'मध्ये 'इन डेअर त्साइट'. 'श्पीगल' म्हणजे आरसा आणि 'श्टेर्न' म्हणजे तारा, तेव्हा पहिल्यांदा ऐकताना गोंधळ झाला तर साहजिक आहे.

'डास' (इथे आर्टिकल नव्हे, 'की') नंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. हे ऐकून पुष्कळ जण घाबरतात, पण मराठीत क्रियापद शेवटीच असतं. 'लेख चांगला आहे' हा क्रम 'डास डेअर आर्टीकल गूट इस्ट' या उपवाक्यात जसाच्या तसा सापडतो. कारण देताना येणाऱ्या 'वाइल'चंही (कारण) तसंच.

विषय सांगायला दोन साचे आहेत. पहिला, 'एस गेट उम' आणि पुढे आकुज़ाटीव्ह (कर्माची) विभक्ती: 'इन डेम आर्टीकल गेट एस उम डी उम्वेल्ट', लेख पर्यावरणाबद्दल आहे. यातला 'एस' गाळता येत नाही, आणि 'डेअर आर्टीकल गेट उम' हे सर्रास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. लेखालाच कर्ता करायचं असेल तर दुसरा साचा वापरा, 'डेअर आर्टीकल हान्डल्ट फॉन' आणि पुढे डाटीव्ह विभक्ती ('मीर'मध्ये आहे ती). दिसायला जवळचं 'एस हान्डल्ट ज़िश उम' मात्र 'हे अमुक आहे' अशी ओळख करून देतं. विषय सांगायला ते वापरू नये. 'यूबर' (विषयी) आणि 'फॉन' (लेखकाचा) यांतही गल्लत होते: 'आइन आर्टीकल यूबर…' म्हणजे कशाबद्दल, 'आइन आर्टीकल फॉन…' म्हणजे कुणाचा.

भूतकाळात मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: लेख वाचला, बातमी वाचली. जर्मनमध्ये 'हाबं' हे साहाय्यक क्रियापद माणसाप्रमाणे बदलतं, 'गेलेज़न' (वाचलेलं) कधीच नाही: 'इश हाबं डेन आर्टीकल गेलेज़न', मी लेख वाचला. पण 'गेलेज़न'च्या सुरुवातीचा 'गे' प्रत्येक क्रियापदाला लागत नाही. '-ईरन'ने संपणारी 'गे' घेत नाहीत: 'इश हाबं डी त्साइटश्रिफ्ट आबोनीर्ट' (मी मासिकाची वर्गणी भरली आहे). वरवर नजर फिरवली म्हणायला 'यूबरफ्लोगन', तेही 'गे'शिवाय, कारण इथे 'यूबर' क्रियापदाला कायमचं चिकटलेलं आहे. नुसती पानं चाळली तर 'डुर्शगेब्लेटर्ट', कारण 'डुर्श' सुटा होतो आणि 'गे' मध्ये शिरतो.

मत देताना 'गूट' पुरत नाही. 'श्पानन्ट' (खिळवून ठेवणारा), 'लांगवाइलिश' (कंटाळवाणा), 'ओबरफ्लेशलिश' (वरवरचा) हे तीन शब्द आणि मागे 'वाइल' जोडून एक कारण. कारण नसलेलं मत अर्धवट वाटतं.

आता हे सगळं एका मिनिटात बसवून पाहू:

'इश लेज़ं आम लीब्स्टन श्पोर्टत्साइटश्रिफ्टन. माइनं लीब्लिंग्सत्साइटश्रिफ्ट एरशाइन्ट मोनाटलिश. गेस्टर्न हाबं इश आइनन आर्टीकल यूबर फ्राउअनफूसबाल गेलेज़न. इन डेम आर्टीकल गेट एस उम युंगं श्पीलरिनन. डा श्टेट, डास फीलं नेबन डेम ट्रेनिंग श्टुडीरन. इश फिन्डं डेन आर्टीकल श्पानन्ट, वाइल इश ज़ेल्ब्स्ट फूसबाल श्पीलं.'

मला खेळांची मासिकं सगळ्यांत आवडतात, माझं आवडतं मासिक दरमहा निघतं, काल महिला फुटबॉलवर लेख वाचला, तो तरुण खेळाडूंबद्दल आहे, त्यात लिहिलंय की बऱ्याच जणी सरावाबरोबर शिकतातही, मला तो खिळवून ठेवणारा वाटला कारण मी स्वतः फुटबॉल खेळते. सहा वाक्यांत आवड, कालावधी, भूतकाळ, विषय, तपशील, मत. गोएथे-इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेच्या बी1 (मधल्या पातळीच्या) परीक्षेत तोंडी भागात विषय मांडायचा असतो, तिथे हाच क्रम लांबवता येतो: स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे.

सरावाला एका पानाहून मोठा लेख घेऊ नका. 'डॉइच पेर्फेक्ट' हे मासिक शिकणाऱ्यांसाठीच आहे आणि ए2 (बी1च्या खालच्या) पातळीपासून मजकूर देतं. जर्मनीत औषधाच्या दुकानात फुकट मिळणारं 'आपोटेकन उम्शाउ' आरोग्याचे छोटे लेख देतं. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या 'ऑनलाइहं' या डिजिटल ग्रंथालयातही नियतकालिकं आहेत. लेख हातात आल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त मथळा, चित्र आणि उपशीर्षक पाहा आणि विषयाचा अंदाज 'एस गेट उम' वापरून मोठ्याने म्हणा. मग वाचा, अडलेले पाचच शब्द शोधा, बाकीचे सोडून द्या. त्यानंतर मासिक मिटा आणि वरच्या सहा वाक्यांच्या क्रमाने बोलून फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासा: पहिल्या दिवशी दुसऱ्या जागेवरचं क्रियापद, दुसऱ्या दिवशी 'ज़ी', 'एर', 'एस', तिसऱ्या दिवशी 'डास' आणि 'वाइल' नंतरचा शेवट. सगळं एकदम तपासायला गेलं की बोलणं अडखळतं आणि चुका तशाच राहतात. चौथ्या दिवशी समोर कुणाला तरी बसवा आणि त्याला दोनच प्रश्न विचारायला सांगा: 'वोरुम गेट एस?' (कशाबद्दल आहे?) आणि 'वी फिन्डस्ट डू डेन आर्टीकल?' (लेख कसा वाटला?). अनोळखी किंवा वयाने मोठी व्यक्ती असेल तर दुसरा प्रश्न 'वी फिन्डन ज़ी डेन आर्टीकल?' असा; इथे 'ज़ी' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'.