सोलापूरहून कासवांच्या कामाला जाताय? या चुका टाळा

सोलापूरला समुद्र नाही, पण हिवाळा लागला की 'वेळासला जाऊन कासवांचं काम करायचंय' म्हणणारी पोरं इथे कमी नाहीत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळावर फिरून तयार झालेली, उन्हाची सवय असलेली. वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव, तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात. उत्साहाला तोटा नसतो, घोळ होतो तो नियोजनात. बहुतेक वेळा आपण तारखा आपल्या रजेवरून ठरवतो, घरट्यावरून नाही.

रजा आधी, घरटं नंतर

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी कोकण किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. मधला पंधरवडा वाळूच्या तापमानावर अवलंबून असतो. थंडीतल्या घरट्याला जास्त दिवस लागतात, मार्चमधलं लवकर आटोपतं. सरसकट 50 दिवस धरून गाडी ठरवली, तर घरट्यावर झाकलेली टोपली रिकामीच बघून परत यावं लागतं. हॅचरीतून, म्हणजे किनाऱ्यावरची अंडी हलवून जिथे कुंपणात जपतात तिथून, प्रत्येक घरट्याची तारीख मागवून घ्या आणि एका दिवसाऐवजी आठ-दहा दिवसांचा पट्टा धरा. चाळीस जणांची एक बस नेण्यापेक्षा चार-चार जणांच्या तुकड्या आळीपाळीने पाठवलेल्या बऱ्या.

आपल्या गावचं वेळापत्रकही आड येतं. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि पुढे परीक्षा, दोन्ही ऐन हंगामात. त्या आठवड्यांची जबाबदारी अंगावर घेऊच नका. आणि ग्रुपवर 'येतो की बे' लिहिलेला माणूस मोजायचा नाही. ज्याने तिकिटाचे पैसे दिले, तोच मोजायचा.

तिथे गेल्यावर साहेब होऊ नका

वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन हे काम उभं केलं. आज वन विभाग आणि गावोगावचे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारी गावातलीच माणसं, ते सांभाळतात. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे परवानगीशिवाय अंड्याला किंवा पिल्लाला हात लावणं हा गुन्हा. आधी फोन करून 'तुम्हाला कशाला माणूस हवाय?' एवढं विचारा. उत्तर अनेकदा रात्रीची गस्त नसतं. शनिवार-रविवारी पिल्लं सोडताना गर्दी दोरीमागे ठेवायला माणूस हवा असतो. माझ्या मते बाहेरून आलेल्याने करण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम हेच. फोटोत दिसत नाही, म्हणून कुणाला नको असतं.

भरतीचा अंदाज नसणं

मादी रात्री येते. पहाटे उजाडण्याआधी फेरी झाली नाही तर भरती, वारा आणि माणसांची वर्दळ मिळून माग पुसून टाकतात. घरी पंचांग असतंच, त्याचा इथे उपयोग होतो: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तरी शेवटचा शब्द कासवमित्राचाच. माग दिसला म्हणजे घरटं असेलच असं नाही, मादी कधी कधी अंडी न घालताच परत फिरते. दिसेल तिथे काठी खुपसत बसू नका, अंडी फुटतात.

अंडी हलवताना

हे काम प्रशिक्षित माणसाचंच, पण बादली धरायला तुम्हाला बोलावलं जाऊ शकतं. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की गर्भ मरू शकतो. म्हणून अंड्याची वरची बाजू वरच ठेवायची, बादलीत खाली त्याच घरट्यातली ओलसर वाळू, आणि चालताना हिसका नाही. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी निघतात. घाईत आकडा चुकतो, म्हणून दहा-दहाच्या लॉटने मोजा आणि दुसऱ्याने मोठ्याने म्हणत लिहा. हॅचरीतला खड्डाही मूळ घरट्याइतकाच, साधारण दीड फूट खोल आणि तळाशी मडक्यासारखा फुगीर हवा. खोली बदलली की तापमान बदलतं, आणि पिल्लू नर होणार की मादी हे तापमानच ठरवतं.

मोबाईलची बॅटरी लावू नका, फ्लॅश तर मुळीच नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. कीव येऊन त्यांना उचलून पाण्यात सोडू नका. वाळूवरून त्यांची त्यांनाच जाऊ द्या.

नोंद अर्धवट ठेवणं

'काल एक घरटं सापडलं' ही नोंद नव्हे. तारीख, वेळ, जागा, भरतीरेषेपासूनचं अंतर, अंड्यांची संख्या, हलवल्याची वेळ, सगळं जागच्या जागी लिहायचं, तेही पेन्सिलने, कारण दमट हवेत शाई पसरते. मादीच्या पुढच्या पायावर धातूचा टॅग (ओळखीच्या आकड्याची पट्टी) दिसला तर आकडा न आकडा टिपून घ्या. ओडिशात 2021 मध्ये टॅग केलेली मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, हे अशाच एका टॅगवरून कळलं. पूर्व किनाऱ्यावरची कासवं पश्चिमेला येतात याचा पुरावाच हाती लागला.

खाणं आणि परतीचा रस्ता

कडक भाकरी आणि शेंगा चटणी आठवडाभर टिकते, ती जरूर न्या. पण हॅचरीजवळ खाऊ नका. सांडलेल्यावर मुंग्या आणि कुत्री येतात, मग त्यांची नजर घरट्यावर जाते. बेचाळीस अंश सोसणाऱ्या सोलापूरकरालाही कोकणातला दमटपणा लोळवतो, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी जवळ असू द्या. शेवटचं, गस्त घातलेल्या माणसाच्या हातात सकाळी स्टेअरिंग देऊ नका. चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड, पंढरपूर असा लांबचा पल्ला आहे. झोप काढूनच निघा, किंवा गाडी चालवणाऱ्याला रात्रीच्या कामातून आधीच वगळा.