रंग न उखडवता जुन्या डबल टेपचा चिकटा कसा काढायचा

गणपती उठले की इंदुरातल्या मराठी घरांमध्ये दरवर्षी हेच होतं, मखर निघतं आणि डबल टेप भिंतीवर, कपाटावर तशीच राहते. मग कुणीतरी सांगतं थिनर लाव. अजिबात लावू नका! थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर दोन्ही चिकट्याआधी रंगच विरघळवतात.

आधी रंग कुठला ते बघा. ओल्या कापडाने कोपरा पुसून कापडाला रंग लागला तर डिस्टेंपर, तिथे पाणी नको आणि तेलही नको. प्लास्टिक पेंट असेल तर कोमट साबणपाणी चालतं, पण मॅट भिंतीवर तेलाचा डाग बसतो आणि तो जात नाही. तेल फक्त कपाट, दार, खिडकीच्या ऑइल पेंटवर.

टेपचा फोम हेअर ड्रायरने गरम करायचा, मग मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढायचा. एका मिनिटाचं काम.

खरी गंमत पुढे. फोम गेल्यावर जो पिवळट चिकट थर राहतो ना, तिथेच मी सुरुवातीला खूप अडकायचो आणि तिथेच लोकं ब्लेड घेतात. ब्लेड नको म्हणजे नको, पुट्टीसकट पोपडा येतो. भिंतीवर ड्रायर वीतभर लांब धरून सतत हलवत राहा, भिंतीला हात लावून सहन होईल इतकंच गरम, त्याच्यावर गेलं की रंगाला फोड येतात. मऊ झालं की बोटाच्या पेराने एकाच दिशेने चोळायचं, चिकट्याच्या बारीक काळपट गोळ्या व्हायला लागतात, त्या सुटून पडतात. जिथे टेपचा तुकडा अजून आहे तिथे तो स्वतःवर दुमडून भिंतीला लागून हळूहळू ओढा, सरळ आपल्याकडे खेचलात की रंग घेऊनच येणार.

ऑइल पेंटवर कापसाचा बोळा खोबरेल तेलात भिजवून चिकटवायचा, वरून प्लास्टिक लावायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. हा अर्धा तास कुणाला धरवत नाही, पाच मिनिटांत घासायला बसतात, मग तेल निकामी आहे म्हणतात! तेल चिकट्याच्या आत शिरून तो फुगायला वेळ लागतोच. त्यानंतर जुनं एटीएम कार्ड आडवं धरून सरकवा, मलईसारखा निघतो. फारच जुना, कडक झालेला असेल तर थोडं तारपीन, आधी आडबाजूला लावून बघून, खिडक्या उघड्या ठेवून, आणि तेव्हा ड्रायर बंद, कारण तारपीन पेट घेतं.

मे महिन्यात पश्चिमेच्या दारावर दुपारी ड्रायर लागतही नाही, चिकटा आपोआप मऊ असतो.

शेवटी भांड्याच्या साबणाने पुसून घ्या, तेल राहिलं तर टचअपचा रंग तिथे धरत नाही.